अहोबंदी

मनुबाईंनी अट घातली तेव्हा गोविंदा दाढी करत होता. त्याने आरशातूनच विचारलं, "ह्यांना म्हणजे कोणाला?"

"ह्यांना," मनुबाई म्हणाल्या आणि हनुवटीने पलंगाखाली दाखवलं.

पलंगाखाली 'हे' थरथरत होते. शेजारच्या खोलीत कुकरची शिटी झाली होती.

सकाळी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर कोचीनहून शकूचा फोन येऊन गेला होता. सातवा महिना, तिकडच्या डॉक्टरणीने प्रवासाला साफ मनाई केलेली, जावई नेव्हीत, म्हणजे अर्धा काळ घरी आणि अर्धा पाण्यावर. पोरगी माहेरी येऊ शकत नसेल तर माहेराने तिच्याकडे जायचं, एवढ्यावर कोपरीच्या भोईरांच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं. हे घरातलं बऱ्याच वर्षांतलं पहिलं एकमत होतं आणि ते चहा संपेपर्यंत टिकलं. जावयाने विमानाचं तिकीट पाठवलं होतं. अडलं होतं ते फक्त ह्यांच्यावर.

"आये, कुत्रा कुठे विमानात नेतेस? आम्ही सांभाळतो ना."

"तुमी सांभालता? शिमग्याला ढोल वाजला तवा ह्ये कुठं व्हते?"

"पिंपात."

"कोनी काढलान?"

"तू."

"मग? मी जाईन तं ह्यांना घेऊन. नायतं शकूला सांगून टाक, आय येत नाय."

गोविंदाने गालावरचा साबण पुसला. मनातून त्याला बरंच वाटलं होतं. वडिलांच्या मागे गिरणी तो चालवायचा, पण दळणाच्या रांगेतला कुठला डबा कोणाचा, हे चिठ्ठीशिवाय फक्त आईला कळायचं. एकदा ती चार दिवस शीळफाट्याला माहेरी गेलेली, तेव्हा अर्ध्या कोपरीने दुसऱ्याच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या. त्यामुळे कुत्रा विमानात बसणं अशक्य आहे, हे त्याला जरा घाईनेच पटलं.

त्याच्या बायकोला, गोदाला, मात्र लग्नानंतर पहिल्यांदाच सासूची एखादी अट पुरी व्हावी असं वाटलं. काही महिने स्वयंपाकघर एकटीचं. मिठाची बरणी आपण ठेवू तिथेच सापडेल. "नेतात कुत्रे विमानातून," ती म्हणाली. "डोंबिवलीला आमच्या माहेरच्या बाजूला गुरांचे डॉक्टर आहेत. त्यांना विचारू."

"तुला लई घाई," मनुबाई म्हणाल्या. पण वायरची पिशवी त्यांनीच काढली आणि तळाला टॉवेल अंथरला.

*

कुत्रं आणलं होतं धाकट्या पंढरीने. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कारखान्यातले साहेब बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांचं पामेरियन पिल्लू तो घेऊन आला. पिल्लाचं नाव होतं पर्ल. कोपरीत उभं राहून पर्ल अशी हाक मारली तर आयुष्यभर आपल्यालाच पर्ल म्हणतील, हे ओळखून पंढरीने रिक्षातच नावाचं मराठीत भाषांतर केलं आणि दारातून मोठ्या हौसेने ओरडला, "मोती! ये इकडे, हाड टाकतो!"

आत जेवत बसलेल्या मोतीराम भोईरांनी मान वर केली.

पुढचा महिनाभर बाप मुलाशी बोलला नाही. पिल्लाशी मात्र बोलायला लागला आणि दुपारी गिरणीत बारदानावर पडला की पिल्लू त्याच्या पोटावर झोपायला लागलं. नाव बदलायचा प्रश्नच नव्हता, कारण पिल्लाला ते आवडलं होतं. प्रश्न ते घेण्याचा होता. मुलांना बापाच्या नावाने "मोती, हाड!" म्हणता येईना. गोदाला सासऱ्याचं नाव घेता येईना. मनुबाईंनी तर नवऱ्याचं नाव जन्मात उच्चारलं नव्हतं. गिरणीच्या दारावर हातभर अक्षरांत "मोतीराम भोईर, पीठ व मसाला गिरणी" अशी पाटी होती. कोणी मालकाचं नाव विचारलं की त्या पाटीकडे बोट दाखवायच्या. मग नवऱ्याला ज्या हाकेने बोलवायच्या त्याच हाकेने त्या कुत्र्यालाही बोलवायला लागल्या. "अवो!"

सुरुवातीची काही वर्षं त्या हाकेला दोघं यायचे. गेल्या वर्षीपासून एकच येतो.

*

"नाव?" डॉक्टरांनी विचारलं.

"मनुबाई."

"कुत्र्याचं."

मनुबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. गोदाने म्हशीच्या पोटाच्या तक्त्याकडे पाहिलं. गोविंदाने दोघींकडे पाहिलं.

"नाव आहे," तो म्हणाला. "पण घेत नाही."

"का बरं?"

"आमच्यात घेत नाहीत."

"कुत्र्यांची नावं घेत नाहीत?"

"बाकीच्या कुत्र्यांची घेतो. ह्याचंच नाही."

डॉक्टर तीस वर्षं जनावरांमध्ये काढलेला माणूस होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग त्याला हाक कशी मारता?"

"अवो," मनुबाई फक्त सांगायला म्हणून बोलल्या. पिशवीत शेपटी घालून बसलेलं कुत्रं स्प्रिंगसारखं उसळून त्यांच्या मांडीवर आलं, आणि बाहेर बाकड्यावर बसलेले म्हशीचे मालक दारातून डोकावले. "मला काही म्हणालात?"

त्यानंतर डॉक्टरांचा चेहरा उजळला. इतकं स्वच्छ लक्षण त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. झोपेचं औषध द्यायला त्यांनी ठाम नकार दिला. वर हवेत श्वासाचं काही बिघडलं तर बघायला कोण आहे? पंढरीने चमचाभर ताडीचा पर्याय सुचवून पाठवला होता, तो गोविंदाने सांगितला नाही.

"पेटी आत्ताच करून घ्या. तिला त्याचं घर होऊ द्या. जेवण तिच्यात, झोप तिच्यात. तुमचं एक जुनं लुगडं आत ठेवा, न धुतलेलं. आवाजाची सवय करा. विमानासारखा मोठा, सलग आवाज कुठे मिळेल?"

तिघंही एकदम म्हणाले, "गिरणीत."

"उत्तम. आणि आता महत्त्वाचं. ह्याला येण्याचा शब्द ठाऊक आहे. थांबण्याचा नाही. आई, तुम्ही आजवर ती हाक मारलीत ती कशासाठी?"

मनुबाईंनी विचार केला. "जेवाला या. घरा या. पानी तापलाय, या."

"म्हणजे 'अहो' ऐकलं की यायचं. विमानतळावर 'अहो' म्हणणाऱ्या बायका शंभर असतील! हा प्रत्येकीकडे पेटी फोडून धावेल. तेव्हा निघेपर्यंत ती हाक बंद. संपूर्ण बंद. आणि पेटीत बसवताना दुसरा शब्द वापरा. नवा, त्याच्याशी कोणी न बोललेला. हलक्या आवाजात, रोज तोच. तो शब्द तुम्हीच ठरवायचा."

"ठरवते," मनुबाई म्हणाल्या. मग परतीच्या रिक्षात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. गोदाला हे फार विचित्र वाटलं, कारण रिक्षावाल्याने दोनदा चुकीचं वळण घेतलं होतं.

*

अहोबंदी गोदाने लागू केली. शेजारणींना दाराशी बोलावून तिने सगळं नीट समजावलं. कुत्र्याला ह आणि व यांतला फरक कळत नसल्यामुळे अहो आणि अवो दोन्ही बंद.

"मंग नवऱ्याला हाक कशी मारायची गं?" शेवंतीने विचारलं.

"नावाने."

"कोनाच्या?"

"त्यांच्या."

शेवंती इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मग तिची उत्सुकता जागी झाली. पदर तोंडावर धरून तिने घरात बघत हळूच म्हटलं, "सहदेव?"

सहदेव अर्ध्या अंघोळीतून टॉवेलवर बाहेर आला. "काय झालं? कोण गेलं?"

गोदाने आधी पळवाटा शोधल्या. "ऐका ना" म्हणून पाहिलं. संध्याकाळपर्यंत कुत्रं "ऐका ना"ला यायला लागलं. "इकडे बघा" दुसऱ्या दिवशी गेलं. तिने नुसत्या बांगड्या वाजवून पाहिल्या, तर कुत्रं आणि गोविंदा दोघंही आले, आणि कुत्रं आधी आलं. गंमत म्हणजे तिला बाहेर काढणारी मदत आतून आली. मनुबाई तांदूळ निवडत होत्या.

"घे नाव," त्या मान खालीच ठेवून म्हणाल्या.

"कोणाचं?"

"त्याचाच. मीच ठेवलेला हाय ना? कोनाचा बाप काय बोलतो बघते मी."

"आई, तुम्ही कधी घेतलंत?"

मनुबाईंनी एक खडा काढला, नीट पाहिला आणि दारातून लांब फेकला. "तुझी भाकर करपतेय."

भाकरी खरंच करपत होती. गोदाने ती उलटली आणि तव्याकडे बघूनच म्हणाली, "गोविंदा, चहा."

दहीहंडीला सगळं ठाणं त्याचं नाव घेऊन ओरडायचं, त्याचं गोविंदाला कधी काही वाटलं नव्हतं. आता त्याने कप हातात घेतला आणि धरूनच बसला. चहा गार झाला.

"काय झालं?"

"काय नाय," तो म्हणाला. "परत एकदा बोल ना. साखर कमी आहे का ते विचार."

पेटीत बसलेल्या कुत्र्याने कानही हलवला नाही.

*

पेटी पंढरीने कारखान्यात बनवली होती. तो विजेचे पॅनेल बनवायचा, त्यामुळे पहिली पेटी पॅनेलसारखीच झाली. तिच्यावरून ट्रक गेला असता तरी आतल्या जिवाला काही झालं नसतं, फक्त ती उचलायला त्याच ट्रकची क्रेन लागली असती. दुसरी प्लायवूडची आणि जाळीची होती. दार मात्र त्याने जुन्या पॅनेलचंच लावलं, कारण त्याची कडी चांगली होती. दारावर कवटी आणि हाडं होती, आणि खाली लाल अक्षरांत "धोका ४४० व्होल्ट".

"हे खरवडून काढ," गोविंदा म्हणाला.

"राहू दे रे दादा. फेकाफेक नाही करणार कोणी."

दुपारी गिरणी बंद असायच्या वेळेत ती खास कुत्र्यासाठी चालू व्हायची. पेटी चक्कीशेजारी, पेटीत लुगडं, लुगड्यावर कुत्रं. गोविंदा हळूहळू चक्कीचा पट्टा चढवायचा. सुरुवातीला कुत्र्याने जाळी कुरतडली आणि गोविंदाने समाधानाने मान हलवली. आई जात नाही, असं त्याने शेवंतीलाही सांगून टाकलं. पण मग आई पेटीजवळ बारदानावर बसली. जाळीला तोंड लावून काहीतरी बोलली. चक्कीच्या धडधडाटात एक अक्षर ऐकू येईना, फक्त ओठ हलताना दिसले. कुत्रं थांबलं. त्याने तिच्याकडे वर पाहिलं, स्वतःभोवती दोनदा फिरलं आणि बसलं.

गोविंदा पट्टा सोडायचाच विसरला.

त्या दिवसापासून आई जाऊ नये, हे त्याच्या डोक्यातून निघूनच गेलं. त्याला आता दोनच गोष्टी हव्या होत्या. कुत्रं बसायला हवं, आणि आई काय बोलते ते कळायला हवं. तो रोज चक्की थोडी जास्त वेगाने फिरवायचा, पेटीखाली फळी सरकवून ती तिरकी करायचा आणि ओरडायचा, "आये, विमान चढतंय!" कुत्रं घरंगळून कोपऱ्यात जायचं आणि तिथेच झोपायचं.

"काय बोलतेस गं त्याला?" त्याने बाहेर आल्यावर विचारलं.

"डाक्टरनी सांगितलाय तो सबूद."

"कुठला?"

"त्याचा हाय तो."

गोदाला खात्री होती की सासू आपली गाऱ्हाणी सांगते. ती मुद्दाम दुपारी ज्वारीचा डबा घेऊन गेली आणि पेटीच्या मागे तो सांडला. गोळा करत करत तिने कान नेला, पण चक्कीपुढे काही चालेना. तिला दिसलं ते एवढंच: मनुबाईंचा चेहरा पिठाने पांढरा झाला होता, आणि त्या लाजल्या होत्या.

"लाजल्या?" रात्रीच्या जेवणाला पंढरी म्हणाला. "वहिनी, आपली आये?"

"मी पाहिलं ना. नवरीसारख्या."

पंढरीने दुसऱ्या दिवशी यंत्रज्ञ माणसाचा उपाय केला. ती बोलत असताना त्याने मागून जाऊन मेन स्विच पाडला. चक्की कण्हत थांबली. अचानक पसरलेल्या शांततेत गोविंदा, गोदा आणि तो, तिघांनी पेटीकडे कान केले.

मनुबाईंनी तोंड मिटून घेतलं होतं. त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"लाईट गेली," पंढरी म्हणाला.

"शेवंतीचा रेडिओ चालू हाय," मनुबाई म्हणाल्या. "बटन वर कर."

*

सांताक्रूझला ते मॅटाडोरने गेले. मनुबाई पुढे, पेटी मध्ये, बाकी सगळे मागे चिंचा खात. पेटीतून घोरल्याचा आवाज येत होता. "बघ," गोविंदा गोदाला म्हणाला, "ट्रकचे हॉर्न, भोंगे, काही नाही. आपल्यापेक्षा शांत आहे." कुत्र्याची परीक्षा आपण पास झालो, असा त्याचा एकंदर चेहरा होता.

विमान कंपनीच्या काउंटरवर टाय लावलेला एक माणूस होता. त्याने पेटी बघितली, मग दारावरची कवटी बघितली आणि खुर्ची मागे सरकवली.

"ह्यात काय आहे?"

"कुत्रा," पंढरी म्हणाला.

"मग धोका कोणाला?"

"कोणालाच नाही. दार जुनं आहे."

त्या माणसाने डॉक्टरांचा दाखला वाचला, तिकीट पाहिलं आणि वाकून जाळीतून आत बघितलं. कुत्रं जागं झालं होतं. त्याने कान टवकारले. मग ते थरथरायला लागलं. मग जाळीला पंजे लावून असं रडायला लागलं की पलीकडच्या रांगेतल्या एका तान्ह्या मुलानेही रडायला सुरुवात केली.

गोविंदाला काही कळेना. हॉर्न नव्हता, ढोल नव्हता, कुकरही नव्हता. गार हवा होती, चकचकीत फरशी होती, माणसं दबक्या आवाजात बोलत होती. मग त्याच्या लक्षात आलं. आवाजाची सगळी तयारी झाली होती. शांततेची कोणी केली नव्हती.

"असा घाबरलेला प्राणी घेत नाही आम्ही," काउंटरवरचा माणूस म्हणाला. तो वाईट नव्हता. "कॅप्टन नाही म्हणतील. थोडा वेळ देतो. शांत झाला तर जाईल. नाहीतर आजी, तुम्ही एकट्या जा."

"एकटी नाय जानार," मनुबाई म्हणाल्या.

"आये, शकू वाट बघतेय."

"म्हायत हाय मना."

"मग तो शब्द बोल ना! तो गिरणीतला!"

मनुबाई पेटीसमोर खाली बसल्या. नऊवारीचा घोळ चकचकीत फरशीवर पसरला. त्यांनी जाळीला तोंड लावलं, ओठ उघडले आणि मिटले. आजूबाजूला पाहिलं. रांगेतली माणसं बघत होती. दोन्ही पोरगे बघत होते. टायवाला बघत होता.

"गोविंदा," त्या हळूच म्हणाल्या, "हितं गिरनी नाय."

"नाही गं."

"इमानाचा आवाज कवा येतो?"

"ते बाहेर. आत नाही येत."

पंढरीने काहीतरी मोठ्याने खडखडवायला मिळतं का म्हणून ट्रॉलीकडे हात नेला. गोदाने त्याचा हात धरला. तिला ज्वारी गोळा करताना पाहिलेला तो पांढरा चेहरा आठवला आणि तो शब्द काय आहे, ते तिला एकदम कळलं. ती सासूच्या शेजारी खाली बसली.

"घ्या," ती म्हणाली. "काही होत नाही. मी घेतेच ना."

मनुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, जणू चक्कीचा पट्टा कोणीतरी चढवायची वाट पाहत होत्या. पट्टा चढला नाही. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा, गिरणीत बोलायची सवय लागलेल्या आवाजात त्या म्हणाल्या,

"मोतीराम. बस. मी हाय हितं."

कुत्र्याचं रडणं थांबलं. त्याने वर पाहिलं, लुगड्यावर दोनदा फिरलं आणि बसलं.

गोविंदाने आयुष्यभर वडिलांचं नाव पाटीवर वाचलं होतं, दाखल्यांवर लिहिलं होतं, गेल्या वर्षी स्मशानात सांगितलं होतं. ते इतकं लहान आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते असं हाकेसारखं, अरेतुरेने, कोणाला तरी खाली बसवायला वापरता येतं, हेही नव्हतं.

"गोविंदा," गोदा म्हणाली, "रुमाल घे."

त्याने घेतला.

हमाल आले. त्यांनी कवटी पाहिली आणि पेटी देव्हारा उचलावा तशी अलगद ट्रॉलीवर ठेवली. पंढरीने भावाला कोपराने ढोसलं. ट्रॉली फिरली आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईने नवऱ्याला खणखणीत हाक मारली, "अहो! पिशवी राहिली!" हॉलमधले सात-आठ पुरुष एकदम वळले. ट्रॉलीवरून काही आवाज आला नाही. गोविंदाही वळला नाही.

मनुबाई दाराशी थांबल्या. पदर सारखा केला.

"शेवंतीचा डबा पितळेचा हाय, झाकनाला पोचा हाय. इसरू नको."

"नाही विसरत."

"आनि गोविंदा." त्या दोन पावलं मागे आल्या. "मोतीरामच्या पाटीवर पीठ साचलाय. पुसत जा."

एवढं बोलून त्या आत गेल्या.